निगडीची उन्नत मेट्रो की कात्रजची भुयारी?

पुणे मेट्रोच्या एकाच मार्गिकेची ही दोन टोकं. पिंपरी-निगडी टप्पा उन्नत आहे: सुमारे 4.4 किलोमीटर, मंजूर खर्च 910 कोटी. स्वारगेट-कात्रज भुयारी: सुमारे 5.5 किलोमीटर, 2,954 कोटी. म्हणजे किलोमीटरमागे अडीचपटीहून जास्त.

निगडीकरांना जुना मुंबई-पुणे महामार्ग लाभलाय; रुंद रस्त्यात खांब मावतात. कात्रजकडे जाणाऱ्या सातारा रस्त्यावर मधोमध बीआरटी (बससाठी राखीव मार्ग), वर उड्डाणपूल. तिथे जमिनीखाली जाणंच शहाणपणाचं, असं माझं ठाम मत.

पण एवढा खर्च करताना मूळ आराखड्यात स्थानकं फक्त तीन! मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. बालाजीनगर, बिबवेवाडीची स्थानकं लोकांनी मागणी लावून धरल्यावर आली. स्थानकच लांब असेल, तर माणूस दुचाकीलाच किक मारणार.