राफाएल सुरेख, कॅरावॅजिओ काळवंडला: खडेबाजारातल्या आर्ट प्रिंट

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका डिजिटल प्रिंटिंग दुकानातून १२ बाय १८ इंची दोन प्रिंट काढून घेतल्या. एक इटालियन चित्रकार राफाएलचं 'स्कूल ऑफ अथेन्स' (१५०९–११), दुसरी त्याच्यानंतरच्या इटालियन चित्रकार कॅरावॅजिओचं 'कॉलिंग ऑफ सेंट मॅथ्यू' (१५९९–१६००), ज्यात येशू हात पुढे करून मॅथ्यूला बोलावतो. मशीन तेच, ग्लॉसी कागद तोच. राफाएल सुरेख आला, कॅरावॅजिओ पार काळवंडला.

राफाएलकडे उजेड सगळीकडे सारखा आहे. कमानी, पायऱ्या, मागची माणसं, सगळं स्वच्छ. प्रबोधनकाळातली अशी चित्रं कुठलंही बरं मशीन नीट काढतं. कॅरावॅजिओच्या, म्हणजे नंतरच्या बरोक शैलीत उजेड एका बाजूने घुसतो आणि बाकी चित्र सावलीत राहतं. त्याच्या चित्रात येशूच्या डोक्यावरची प्रभावळ म्हणजे केसाएवढी एक रेघ. प्रिंटमध्ये ती नाहीच. खालचे पाय बुडाले, खिडकी भिंतीत मिसळली. त्या काळोखाला खोली आहे म्हणूनच येशूचा पुढे आलेला हात अंगावर येतो. इथे नुसता सपाट काळा पट्टा उरला.

दोष मशीनचा कमी, तयारीचा जास्त. स्क्रीन स्वतः उजळते, कागद नाही. गडद भागात शाईचे ठिपके पसरून एकमेकांत मिसळतात. म्हणून फाइलमध्ये फक्त सावल्या थोड्या उजळ करायच्या, उजळ भागाला हात लावायचा नाही. पूर्ण प्रिंटआधी सगळ्यात काळ्या भागाची ३ बाय ४ इंची टेस्ट मागा आणि ती ट्यूबलाइटखाली न बघता दाराशी उजेडात बघा. कागद मॅट, म्हणजे न चकाकणारा घ्या. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १२ बाय १८ इंचांसाठी ३६०० बाय ५४०० पिक्सेलची फाइल लागते. कॅरावॅजिओचं मूळ चित्र ३२२ बाय ३४० सेंमी, म्हणजे जवळपास चौरस. 'पान भरून' छापायला सांगितलं तर कडेची माणसं कापली जातात. कडेला कोरा कागद सोडायला सांगा.

दुकानातली माणसं सांगितलेलं ऐकतात, टेस्टलाही कुरकुर करत नाहीत. फ्रेमला मात्र माउंट, म्हणजे प्रिंट काचेपासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्याच. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेली प्रिंट सोडवताना शाई काचेवरच राहते.