तारेचं नेट की छतावरच्या डब्ब्याचं?

आठवड्यातून एखादा तरी माणूस सातबारा काढायला येतो आणि जाता जाता विचारतो, "घरी नेट घ्यायचंय, वायरचं घेऊ का डब्ब्याचं?" सेलूत माझं सेवा केंद्र आहे आणि माझी दोन्ही वापरून झालीत, म्हणून विचारतात. वायरचं नेट म्हणजे फायबर, काचेच्या धाग्यातनं प्रकाशावर चालणारं. डब्ब्याच्या नेटलाही लोक फायबरच म्हणतात, पण तुमच्या छतापासून टॉवरपर्यंत त्यात फायबर नसतं, बहुधा मोबाइलसारखी 5जीची रेंजच असते. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

डब्बा मी जवळपास वर्षभर वापरला. एक पोरगा आला, त्यानं माळवदावर पाइप उभा केला, टॉवरच्या दिशेनं डब्बा फिरवला आणि तासाभरात नेट सुरू. ना खांबावरनं वायर ओढायची, ना शेजाऱ्याची मिनतवारी. स्पीड टेस्टचा आकडा तर मी गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचो. त्याच्या शेजारी एक छोटा आकडा असतो, तो मात्र तेव्हा बघितला नाही.

तो अपलोडचा. घरी सिरियल बघणाऱ्याला त्याचं फारसं काही पडलेलं नसतं. माझा सगळा धंदाच कागद वर चढवायचा. 2024 च्या खरिपात, एक रुपयात पीक विमा होता तेव्हा, संध्याकाळी केंद्रात पाय ठेवायला जागा नसायची. एका आजोबांचे आधार, पासबुक, सातबारा आणि पेरणीचं घोषणापत्र मिळून दोनेक एमबी झाले. नेटचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये, म्हणून आठानं गुणायचं: 16 मेगाबिट. अपलोड 20 असेल तर सेकंदाच्या आत काम. माझ्याकडं सातनंतर तो आकडा एकवर यायचा, कधी त्याच्याही खाली. चाक फिरतंय, आजोबा पडद्याकडं बघतायत, मी आजोबांकडं. शेवटाला आलं की सेशन संपायचं. परत लॉगिन, परत पहिल्यापासून. "तुझं मशीन थकलं का रं?" त्यांनी विचारलं.

पोर्टलच बसलेलं असेल, असं तुम्ही म्हणाल. बसायचंही. पण समोरच्या गल्लीतल्या वायरवाल्या केंद्रात त्याच वेळेला अर्ज जात होते आणि माझी रांग हळूहळू तिकडं सरकत होती.

यात कंपनीची लबाडी आहे असं नाही. आपल्याकडं 5जीचा मुख्य पट्टा साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा. त्यावर टॉवर आणि डब्बा आळीपाळीनं बोलतात, आणि त्यातला जास्त वेळ डाउनलोडला दिलेला असतो. शिवाय टॉवरचा आवाज मोठा, आपल्या डब्ब्याचा बारीक. संध्याकाळी सगळं गाव मोबाइल काढून बसलं की त्या बारीक आवाजाला कोण विचारतं? फायबरमध्येही वाटणी असतेच, एकाच धाग्यावर 32 किंवा 64 घरं जोडलेली असतात. पण वर जायची वाट तिथं वेगळ्या रंगाच्या प्रकाशाची, खाली येणाऱ्याशी तिची टक्कर नाही. माझ्या वायरवर संध्याकाळी आणि सकाळी अपलोडमध्ये मला तरी फरक जाणवत नाही.

वायरचं दुखणं म्हणजे जेसीबी. नालीचं काम निघालं की राउटरशेजारच्या डब्बीवर लाल दिवा, एलओएस, लुकलुकायला लागतो. म्हणजे प्रकाश पोचंना, तार कुठंतरी तुटली. तेव्हा राउटर बंद-चालू करून काही होत नाही, जोडणीचं मशीन घेऊन माणूसच यावा लागतो. एकदा माझे दोन दिवस गेले. लाइट गेल्यावरही घरात बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावून भागत नाही, वायरवाल्याच्या ऑफिसातल्या मशीनलाही बॅटरी असावी लागते. टॉवरला ती बहुधा असते. या बाबतीत डब्बा सरस, मान्य.

आणि तुम्ही शेतातल्या आखाड्यावर राहत असाल तर हा सगळा प्रश्नच मिटला. तिथं वायर कोण आणून देणार? टॉवर दिसत असेल तर डब्बा घ्या, पोरांचे क्लास आरामात चालतात.

घेताना दोन गोष्टी विचारा. 'अनलिमिटेड'ची हद्द किती जीबीला आहे? ती ओलांडली की नेट बंद पडत नाही, मुंगीच्या चालीनं चालतं. आणि सांगितलेल्या दरात 18 टक्के जीएसटी धरलाय का? राउटरवर '5जी' लिहिलेलं वायफायचं नाव दिसलं म्हणून मात्र भुलू नका. ते 5 गिगाहर्ट्झ, घरातल्या घरातलं. टॉवरच्या 5जीशी त्याचं काही नातं नाही, आणि दोन भिंती मध्ये आल्या की ते दम टाकतं.

ज्याचं कनेक्शन घ्यायचं त्याचं गिऱ्हाईक तुमच्या गल्लीत असेलच. रात्री आठला त्याच्या घरी चहाला जा, स्पीड टेस्ट लावा आणि दुसरा आकडा बघा. डब्ब्यावर तो दहाच्या वर निघाला तर खुशाल डब्बा घ्या, मला तसा अजून कुणाकडं दिसला नाही. माझा डब्बा माळवदावर अजून आहे, त्याच्या पाइपला सध्या धुणं वाळत घालायची दोरी बांधलीय.