खाणपट्ट्यातल्या शेताची माती तपासून घेतली: पाचपैकी तीन तारे

आमचं शेत गोव्यात, सत्तरी तालुक्यात, पिसुर्लेच्या बाजूला. वर लोहखनिजाच्या खाणीचा डंप, म्हणजे टाकाऊ मातीचा ढिगारा, खाली आमचे चार कुणगे, म्हणजे भाताचे वाफे. १५ मार्च २०१८ ला खाणी थांबल्या, पण डंप होता तिथेच आहे. दर पावसात लाल गाळ ओढ्याने खाली येतो आणि भातात बसतो. गेल्या वर्षी लावणीनंतर महिन्याभरात पातींवर तांबूस ठिपके आले. रोप उपटून पाहिलं तर मुळांवर गंजाचा थर. घरात दोन वर्षांची नात आहे, ती याच शेताचा पेजभात खाते. म्हणून माती परीक्षण केंद्रात माती तपासायला दिली.

केंद्रातली माणसं चांगली. मी पहिला नमुना कुदळीने काढून नेला होता. तिथल्या बाईंनी तो घेतलाच नाही. लोखंडी अवजाराने लोहाचा आकडा चुकतो, लाकडी काठीने काढा, आणि गाळ बसलेल्या कुणग्याची माती वेगळी आणा, म्हणाल्या. इतक्या आस्थेने कोण सांगतं?

तीन आठवड्यांनी अहवाल आला, १२ रकान्यांचा. सामू (पीएच) ५.१, म्हणजे माती आम्लधर्मी, चुना किती घालायचा तेही लिहिलेलं. लोहासमोर मात्र 'पुरेसे'. ही तपासणी पिकाला काय कमी पडतंय ते शोधते. लोह साडेचार पीपीएमच्या (दहा लाख भागांत साडेचार भाग) खाली असेल तर कमी, वर कितीही असलं तरी पुरेसे. आमचं दुखणं नेमकं उलटं, जास्तीचं. लोहाने रोप बिघडतं, पण खाणाऱ्याला भीती शिसं, कॅडमियम, आर्सेनिकची. त्यांचे रकानेच नाहीत.

सल्ला मिळाला, मधून मधून पाणी काढून शेत सुकू द्या. लोहासाठी हे बरोबर आहे. पण शेत सुकलं की भात कॅडमियम जास्त ओढतं, आणि पाणी तुंबून राहिलं तर आर्सेनिक. मातीत काय आहे ते कळल्याशिवाय पाणी ठेवायचं की सोडायचं, हे मी कशावरून ठरवू? खाणपट्ट्यातल्या नमुन्यांसाठी हे तीन रकाने वाढवलेच पाहिजेत. चुन्याचा सल्ला मात्र जरूर पाळा, त्याने कॅडमियमही आवरतं.

आता गाळ बसलेल्या कुणग्यातले तांदूळ दुसऱ्या प्रयोगशाळेत दिलेत, पदरचे पैसे घालून. अहवाल येईपर्यंत तिथलं भात वेगळ्या कणगीत ठेवलंय, आणि नातीची पेज वरच्या कुणग्यातल्या तांदळाची.