नवा स्वस्त बेस की सेकंडहँड?

बजेट तेवढंच असेल तर बेस गिटार मी सेकंडहँडच घेईन. नव्या स्वस्त बेसला वॉरंटी मिळते हे खरं, पण बरेचदा तारा उंच असतात आणि फ्रेटची, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं हाताला बोचतात. म्हणजे सेटअपचा, हे सगळं नीट करून घेण्याचा, खर्च आलाच.

कॉलेज रोडवरच्या एका मुलाकडून मी जुना बेस उचलला, तर आवाजच येईना. झाकण उघडलं, केबल लावायच्या जॅकची वायर सुटलेली. दहा मिनिटं सोल्डरिंग, खरखरणाऱ्या पॉटमध्ये (फिरवायच्या बटणाखालच्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, झालं काम! नव्या तारांनीच काय तो खिसा हलका केला.

जुन्यात खरी गोम नेकची, म्हणजे दांड्याची. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम तार दाबा, मधल्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी चालेल. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक सांभाळणारी सळई) पाव फेरा आवळायचा. रॉड जाम असेल तर चहा पिऊन निघा. आपल्याकडे पावसाळ्यात नेक थोडा हलतोच, गणपतीच्या तालमीआधी पुन्हा बघावं लागतं.

अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) मात्र नवा, छोटा का होईना, पण बेसचाच घ्या. सगळ्यात जाड ई तार ४१ हर्ट्झला, म्हणजे फारच खालच्या सुरात वाजते. ती साध्या गिटारच्या अ‍ॅम्पवर जोरात वाजवलीत तर स्पीकर फाटू शकतो.