मोटारहोमच्या मैला-टाकीचा तीन इंची व्हॉल्व्ह: एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी चवथ झाल्यावर आमचे मोटारहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, फोंड्याहून मोरजीला नेले, तेव्हा गाडीखालून येणाऱ्या वासामुळे संशय आला म्हणून निचऱ्याच्या तोंडाखाली बादली ठेवून झाकण फिरवले. शौचालयाच्या मैला-टाकीचे तोंड बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची मूठ पूर्ण आत ढकललेली असूनही जवळजवळ अर्धी बादली मैलापाणी बाहेर आले. ज्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तिथे आपली गाडी अशा अवस्थेत उभी आहे हे मनाला फार लागले आणि त्याच संध्याकाळी आम्ही परत फिरलो.

घरी टाकी रिकामी केली, दोनदा धुतली आणि व्हॉल्व्ह उघडला. या व्हॉल्व्हची रचना अगदी साधी असते: दोन फ्लँजच्या (नळीच्या टोकांवरील रुंद कडांच्या) मध्ये एक प्लॅस्टिकचे अंग, त्यात पुढेमागे सरकणारे पाते, पात्याच्या दोन्ही बाजूंना रबरी सील आणि हे सारे आवळून धरणारे चार बोल्ट. जुन्या व्हॉल्व्हचे पाते शाबूत होते. मात्र ते जिथे टेकून थांबते, त्या खाचेच्या टोकाशी कागदाचा लगदा आणि जांभ्याची लाल माती मिळून दगडासारखा घट्ट झालेला थर बसला होता, त्यामुळे पाते नखभर अलीकडेच अडत होते. वरच्या सीलची कडही फुगून एका जागी दुमडली होती. त्याचा दोष माझ्याकडे जातो, कारण मूठ जड झाली म्हणून आदल्या उन्हाळ्यात मी दांड्याला व्हॅसलिन लावले होते. ईपीडीएमसारख्या रबराला पेट्रोलियमजन्य वंगण चालत नाही, ते रबर फुगते आणि मऊ पडते. तिथे सिलिकॉन ग्रीसच हवे. ओळखीच्या काहींनी टाकीत खोबरेल तेल ओतण्याचा सल्ला दिला होता, पण ते सुमारे २४ अंशांखाली गोठते आणि घाणीला चिकटण्यासाठी आणखी एक निमित्त मिळते, म्हणून मी तो मानला नाही.

नवा व्हॉल्व्ह म्हणून अमेरिकेतील व्हॅल्टेरा कंपनीचा तीन इंची ब्लेडेक्स मागवला. हात लावताच जाणवते ते त्याचे पाते: कडा स्वच्छ कातलेल्या आहेत आणि बंद होताना खाचेतला कचरा पुढे रेटण्याऐवजी बाजूला सारला जावा, अशी त्यांची घडण आहे. जुन्याच्या मानाने नव्याची चाल एकसारखी आहे, मध्येच अडखळत नाही. बोल्टची छिद्रे जुन्या फ्लँजशी तंतोतंत जुळली, हा मोठा दिलासा होता.

खरी अडचण नळीची निघाली आणि गोव्यात हे काम करू पाहणाऱ्यांनी ती आधीच ध्यानात घ्यावी. व्हॉल्व्ह सरकवण्यासाठी फ्लँज किंचित फाकवताच खालचा जोड सुटून हातात आला. गाडी बांधणाऱ्याने ९० मिलिमीटरची एसडब्ल्यूआर (घरांच्या सांडपाण्यासाठी वापरतात ती) नळी रेतकागदाने घासून फ्लँजमध्ये कोंबली होती. अमेरिकी तीन इंची नळीचा बाहेरचा व्यास ८८.९ मिलिमीटर असतो, त्यामुळे आपल्याकडची ९० ची नळी जवळची वाटली तरी बसत नाही. नेमक्या मापाची नळी हवी असेल तर अमेरिकी मापाची यूपीव्हीसी शेड्यूल ४० मागावी. शिवाय फ्लँज एबीएसचा आणि नळी पीव्हीसीची असेल, तर पीव्हीसीच्या साध्या सिमेंटवर विसंबू नये. दोन्ही प्लॅस्टिक जोडणारे सिमेंट घ्यावे किंवा क्लिपांनी आवळायचा रबरी जोड वापरावा. मी रबरी जोड निवडला, कारण आपल्या रस्त्यांवर गाडीखालच्या नळीला थोडी लवचीकता असलेली बरी.

बसवताना सर्वांत जपावे लागते ते सीलला. दोन्ही सील आपापल्या खोबणीत पक्के बसवून त्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा आणि मगच व्हॉल्व्ह आत सरकवावा. घाईत सीलची कड वळली तर बोल्ट कितीही आवळले तरी गळती थांबत नाही. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि बेताने, कारण प्लॅस्टिकचे अंग वाकले की पातेच अडकते. हे सारे काम दोन माणसांचे, एका सकाळचे आहे. नंतर टाकीत पाणी भरून खाली रात्रभर जुने वर्तमानपत्र अंथरले. सकाळी ते कोरडे होते.

वापराबद्दल एक सांगायलाच हवे, कारण व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी वापर चुकला तर तोही टिकत नाही. मैल्याचा व्हॉल्व्ह सदैव उघडा ठेवल्यास पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग तोंडाशीच साचतो. म्हणून टाकी निदान दोन-तृतीयांश भरेपर्यंत तो बंदच ठेवावा, आधी मैल्याची टाकी सोडावी आणि मग सांडपाण्याची (आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची), म्हणजे नळी आपोआप धुतली जाते, आणि शेवटी मैल्याच्या टाकीत थोडे ताजे पाणी सोडून ठेवावे.

उणीव एकच वाटली. खाऱ्या हवेत गाडी राहिल्यावर बोल्टांच्या डोक्यांवर तांबूस ठिपके दिसू लागले, म्हणून मी ते बदलून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घातले. आयात केलेल्या वस्तूसाठी इतके पैसे मोजल्यावर ही काळजी घ्यावी लागू नये, असे मला मनापासून वाटते. सील सुटे मिळतात, ते मात्र व्हॉल्व्हबरोबरच मागवावेत. इथे एखाद्या दुकानात जाऊन ते हाती लागतील अशी आशा धरू नये. माझी एक जोडी ग्रीसच्या नळीसह गाडीच्या कपाटात आहे.

यंदा जून ते सप्टेंबर गाडी अंगणातच झाकून ठेवली होती. रिकाम्या टाकीत वाळून पाते सीलला चिकटू नये म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पावसातच छत्री धरून मूठ दोनदा ओढून आत ढकलली. चवथीनंतर पहिल्यांदा ओढली तेव्हा ती एका हाताने, दातओठ न खाता बाहेर आली आणि झाकण उघडल्यावर खालच्या बादलीत थेंबही पडला नाही.