उसना डेक, खासगी लॉबी आणि भिकार-सावकार: मित्रांच्या टोळीसाठी हार्थस्टोन कितपत चालतं?

ब्लिझार्डचं हार्थस्टोन, म्हणजे पीसी-फोनवर खेळायचा ऑनलाइन पत्त्यांचा खेळ, मार्च २०१४ मध्ये आलं. त्यावर लिहिलं जातं ते बहुतेक रँकच्या शिडीबद्दल: कुठला डेक (खेळायला निवडलेला पत्त्यांचा संच) चढतो, कुठला पडतो. इथे तो विषय नाही. शनिवारी रात्री एक जण डोंबिवलीत, एक मालाडला, दोघं परळच्या चाळीत, आणि सगळ्यांना तासभर पत्ते कुटायचे आहेत, अशा टोळीला हा खेळ किती उपयोगी पडतो तेवढंच पाहू. गणपतीच्या जागरणाला कॅट पिसून बसणाऱ्यांना त्यातली मजा लगेच कळते, पण मांडणी नीट केली नाही तर पहिला अर्धा तास जोडणीतच जातो.

तेव्हा आधी जोडणी. मित्र जोडायला बॅटलटॅग, म्हणजे ब्लिझार्डच्या खात्यावरचं नाव, लागतो. तो नुसत्या नावाने चालत नाही, नावामागचं # चिन्ह आणि त्यापुढचे आकडेही हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर टॅग पाठवताना आकडे गाळले की विनंती जातच नाही. दुसरी अडचण मोठी आहे. खेळाचे अमेरिका, युरोप आणि आशिया असे वेगळे प्रदेश आहेत, आणि प्रत्येक प्रदेशात तुमचा पत्त्यांचा संग्रह वेगळा असतो. मित्र दुसऱ्या प्रदेशात असला तरी यादीत ऑनलाइन दिसतो, आव्हान मात्र देता येत नाही. 'मी दिसतोय ना, मग बोलव की' हा घोळ इथूनच होतो. प्रदेश पहिल्याच दिवशी ठरवा. टोळीतल्या सगळ्यात मोठ्या संग्रहाचा मालक जिथे खेळतो तोच प्रदेश बाकीच्यांनी घ्यावा. कारण पुढे येणारी सगळी गंमत त्याच्या पत्त्यांवर चालणार आहे. पीसीवर प्रदेश खेळ सुरू करण्याआधी, तो ज्यातून सुरू होतो त्या लाँचर ॲपमध्येच बदलावा लागतो.

नवख्याने शिकवणीचे सुरुवातीचे सामने आदल्या दिवशीच उरकून ठेवावेत. डाउनलोडही काही जीबींचं आहे, ते घरच्या वाय-फायवर करावं. पीसी आणि फोन एकमेकांशी खेळू शकतात, त्यामुळे कोणाकडे काय आहे याने फरक पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. या खेळावरचा नेहमीचा आक्षेप असा, की ज्याच्याकडे पत्ते जास्त तो जिंकतो. एक लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ दर्जाचा, पत्ता बनवायला १६०० डस्ट (पत्ते बनवायचं खेळातलं चलन) लागते, एपिकला ४००, रेअरला १०० आणि कॉमनला ४०. उलट नको असलेला लेजंडरी मोडला तर हातात ४०० येते. नवख्याला या हिशोबाने वर्षभर पुरेल एवढं काम आहे. पण मैत्रीच्या सामन्यात डेक उसना घेता येतो. आव्हान स्वीकारल्यावर डेक निवडण्याच्या पडद्यावर समोरच्याचे डेक वापरण्याची विनंती पाठवता येते. त्याने हो म्हटलं की त्याचे डेक तुमच्यासमोर येतात. खर्च शून्य, आणि उसनवारी तेवढ्या सामन्यापुरतीच. ही एक सोय नसती तर टोळीसाठी हा खेळ सुचवलाच नसता.

उसनवारीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आव्हान देताना जो प्रकार निवडला त्यात बसणारेच डेक चालतात. स्टँडर्ड (मुख्यतः अलीकडचे पत्ते) निवडून वाइल्डचा (जुने-नवे सगळे पत्ते) डेक शोधत बसलात तर तो मिळणार नाही, आणि दोष मित्राच्या माथी जाईल. शिवाय डेक ज्याचा, त्याला त्यातला पत्ता न् पत्ता पाठ असतो. म्हणून उसनं देणाऱ्याने निदान तीन डेक पुढे ठेवावेत आणि घेणाऱ्याने कोणता उचलला ते सांगू नये. पहिल्या दोन-तीन चालींत कळतंच, पण तोवरची उत्सुकता खरी असते.

तीन सामन्यांची मालिका अशी लावावी. पहिल्यात ज्याचा त्याने आवडता डेक घ्यावा, दुसऱ्यात त्याच दोन डेकची अदलाबदल करावी. बरोबरी झालीच तर तिसऱ्यात दोघांनी एकच डेक घ्यावा. तिसरा सामना सगळ्यात चुरशीचा होतो, कारण पत्त्यांची ताकद समसमान, उरतो तो खेळ आणि नशीब. डेक ३० पत्त्यांचा, एका पत्त्याच्या जास्तीत जास्त दोन प्रती, लेजंडरीची एकच. त्यामुळे दोघांना तोच पत्ता वेगवेगळ्या वेळी लागतो आणि त्या फरकातूनच सामना घडतो.

घरचे नियम लावायला हा खेळ फार चांगला आहे, कारण संग्रहाच्या शोधपट्टीत इंग्रजीत शब्द टाकून पत्ते गाळता येतात. कॉमनसाठीचा शब्द टाकला की फक्त कॉमन पत्ते समोर. यावर उभा राहतो तो प्रकार म्हणजे भिकार-सावकार. एकाने फक्त कॉमन आणि मोफत मिळालेल्या पत्त्यांचा डेक करायचा, दुसऱ्याने मनाला येईल तो. पत्त्याच्या मधोमध जो खडा दिसतो त्याच्या रंगाने खातरजमा होते: पांढरा कॉमनचा, निळा रेअरचा, जांभळा एपिकचा, नारिंगी लेजंडरीचा. पुढच्या डावात भूमिका बदलायच्या.

भिकाराला काही तरी सवलत लागतेच, नाही तर सामना एकतर्फी होतो. मैत्रीच्या सामन्यात हिरोचं, म्हणजे ज्याच्या रूपात तुम्ही खेळता त्या पात्राचं, आयुष्य ३० वरून कमीजास्त करता येत नाही, ही खेळाची उणीव आहे. त्याऐवजी सावकाराने पहिल्या पाच फेऱ्यांत हिरो पॉवर (हिरोची स्वतःची खास चाल) वापरायची नाही, असा शब्द द्यायचा. हे पुरतं. बहुतेक हिरो पॉवर दोन मानाची (माना म्हणजे चाली करायला दर फेरीला मिळणारं चलन) असते, म्हणून दुसऱ्या फेरीत चांगला पत्ता नसेल तर सावकाराला हात बांधून बसावं लागतं. तेवढ्यात भिकाराचे दोन छोटे मिनियन (लढणारे पत्ते) मैदानात उतरतात. पूर्ण सामनाभर बंदी घातली तर मात्र पारडं उलटं झुकतं, काही वर्गांचा (हिरोंच्या प्रकारांचा) खेळच हिरो पॉवरवर उभा असतो.

सम-विषम हा दुसरा प्रकार. एकाकडे फक्त विषम किमतीचे पत्ते, दुसऱ्याकडे फक्त सम. शोधपट्टीत यासाठीही इंग्रजी शब्द चालतात. इथे पहिली चाल कोणाची याला विलक्षण महत्त्व येतं. माना पहिल्या फेरीत एक असतो आणि दर फेरीला एकेक वाढत दहावर थांबतो. समवाल्याला पहिल्या फेरीत उतरवायला काहीच नसतं, पण तो दुसरा खेळत असेल तर तीनऐवजी चार पत्ते आणि वर कॉइन मिळतो. कॉइनने तेवढ्या फेरीपुरता एक माना वाढतो, म्हणजे दोन मानाचा पत्ता पहिल्याच फेरीत. विषमवाला दुसऱ्या फेरीला अडतो. तिथे त्याने हिरो पॉवर वापरावी, म्हणून दोन मानाची उपयोगी हिरो पॉवर असलेला वर्गच त्याने घ्यावा. नवख्यांना मानाचं गणित शिकवायला यापेक्षा सोपी शाळा नाही.

चौघं असतील तर आमची पसंती जोडीला. दोघं खेळतात, दोघं आपापल्या जोडीदाराचा सामना पाहतात. पाहणाऱ्याला फक्त त्याच्या मित्राचा हात दिसतो, समोरच्याचा नाही, म्हणून सल्ला देण्यात लबाडी शिरत नाही. समोरच्या खेळाडूनेही पाहायला आमंत्रण दिलं तर दोन्ही हात दिसतात. ते आमंत्रण या प्रकारात द्यायचंच नाही. खेळात मित्रांशी टाइप करून बोलता येतं, पण चाल चालू असताना टाइप कोण करणार? प्रत्येक जोडीने वेगळा फोन कॉल लावावा. एकाच ग्रुप कॉलवर चौघं बसलात तर सल्ला समोरच्यालाही ऐकू जातो.

जोडीतला खरा शत्रू घड्याळ. एका फेरीला साधारण ७५ सेकंद मिळतात आणि शेवटी दोरी जळायला लागते. दोघं चर्चा करत बसले की दोरी संपते आणि अर्धी चाल राहते. म्हणून सल्लागाराने एका फेरीत एकदाच बोलायचं, तेही फेरीच्या सुरुवातीला. आणखी एक बारकावा: एखाद्या फेरीत काहीच केलं नाही, तर पुढच्या फेरीला वेळ कमी मिळतो. चर्चेत रमलेल्या जोड्या इथेच गडबडतात.

लोकलमध्ये हे खेळू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. धावत्या गाडीत मध्येच नेटवर्क तुटतं. नंतर खेळ पुन्हा जोडून घेतो, पण मधल्या वेळात घड्याळ थांबत नाही. भुयारी मेट्रोतही तोच धोका. प्रवासात डेक बांधावेत, सामना घरी पोहोचल्यावर खेळावा. डेक बांधून झाला की त्याचा कोड कॉपी करून ग्रुपवर टाकता येतो. दुसऱ्याने तो कॉपी करून संग्रहात नवा डेक उघडला की खेळ कोड ओळखतो आणि डेक तयार करायचा का ते विचारतो. कोड एकट्याच संदेशात पाठवा. आधी-नंतर गप्पा जोडल्या की कॉपी करताना अक्षर सुटतं आणि कोड चालत नाही. ज्याच्याकडे पत्ते कमी आहेत त्याला कोडचा फारसा उपयोग नाही, उणे असलेले पत्ते दिसतात तेवढंच. त्याने उसनवारीच करावी.

पाच किंवा जास्त जण जमले की वरचं सगळं बाजूला ठेवून सरळ बॅटलग्राउंड्स उघडावं. २०१९ पासून खेळात असलेला हा भाग वेगळाच आहे. यात कोणाचाच संग्रह लागत नाही. आठ जण एका टॅव्हर्नमधून (खेळातल्या दुकानातून) मिनियन विकत घेतात आणि ते मिनियन आपोआप लढतात. पार्टीत पाच ते आठ जण असले की खासगी लॉबी होते, अनोळखी कोणी शिरत नाही. दोन ते चार जणांची पार्टी मात्र नेहमीच्या सामन्यात अनोळखी लोकांसोबत जाते, म्हणून चौघांच्या टोळीने एक पाचवा शोधून ठेवावा.

हिशोब सोपा आहे. पहिल्या फेरीत तीन सोनं, दर फेरीला एक वाढून दहापर्यंत. मिनियन तीन सोन्याचा, विकला तर एक परत, दुकानातले मिनियन बदलायला एक. मैदानात सात जागा. एकाच मिनियनच्या तीन प्रती जमल्या की तो सोनेरी होतो आणि तो खेळल्यावर वरच्या पातळीतला एक मिनियन निवडायला मिळतो. नवखे नेहमी एकच चूक करतात: टॅव्हर्नची पातळी वाढवायची घाई करतात, मैदान रिकामं राहतं आणि चौथ्या-पाचव्या फेरीतच आयुष्य निम्म्यावर येतं. जुन्या खेळाडूने हे पहिल्या डावाआधी सांगून ठेवलं तर नवख्याचा पहिला डाव वाया जात नाही.

असमानतेचा एकच कोपरा उरतो. विकत मिळणारा सीझन पास घेतलेल्याला सुरुवातीला चार हिरोंतून निवड मिळते, बाकीच्यांना दोनांतून. घरचा नियम करा: पासवाल्याने डावीकडचे दोनच पाहायचे. एवढ्यावर सगळे एका रांगेत येतात.

डाव साधारण अर्ध्या तासाचा असतो आणि आठवा बाद होतो तो फार आधी. त्याला पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवणं वाईट. त्याने बाहेर पडून टोळीतल्या कोणाचा तरी सामना पाहावा, किंवा लवकर बाद झालेल्या दोघांनी आपसात साधा सामना लावावा. गुण देताना पहिल्या चारांना मान द्या: पहिल्याला चार, मग तीन, दोन, एक. तीन डावांची बेरीज झाली की एका डावातलं नशीब धुऊन निघतं. पाच-सहा जणांच्या लॉबीत पहिल्या तिघांनाच गुण द्यावेत. उरलेल्यांची संख्या विषम झाली की एकाला बाद झालेल्याच्या सावलीशी लढावं लागतं. ते सहसा सोपं जातं, तक्रार करायचं कारण नाही.

फोनची तक्रार मात्र खरी आहे. शेवटच्या फेऱ्यांत लढाया लांबतात, जुना फोन तापतो, ॲनिमेशन अडखळतं आणि पुढच्या खरेदीला मिळणारा वेळ त्यातच जातो. आठ जणांत ज्याचा फोन सगळ्यात जुना, त्याला घरातला लॅपटॉप द्यावा. चार्जर लावून खेळताना फोन आणखी तापतो, म्हणून आधी पूर्ण चार्ज करून बसणं बरं.

टॅव्हर्न ब्रॉलचा, म्हणजे आठवड्यागणिक नियम बदलणाऱ्या सामन्याचा, उल्लेख थोडक्यात. दर बुधवारी नवा येतो, मित्रालाही आव्हान देता येतं. काही आठवडे डेक आयते मिळतात, काही आठवडे स्वतःचे लागतात. आयते असतील त्या आठवड्यात अगदी नवख्याला बोलवावं.

त्रुटी? टोळीसाठी साखळी किंवा बाद फेरी लावायची सोय मैत्रीच्या सामन्यांत नाही, गुणांचा कागद कोणी तरी हातानेच ठेवायचा. मराठी किंवा हिंदीत खेळ नाही, आणि पत्त्यांवरचा मजकूर बारीक असतो. घरातल्या ज्येष्ठांना मेंढीकोटाइतक्या सहज यात ओढता येणार नाही. मैत्रीच्या सामन्यांनी रँकही वाढत नाही, त्यामुळे शिडी चढणाऱ्या मित्राला इथे आणायला थोडी मनधरणी लागते.

पैशांचं म्हणाल तर, टोळीसाठी खेळणाऱ्याने पहिले दोन महिने काहीही विकत घेऊ नये. एकाचा संग्रह बरा असला की उसनवारीवर चौघांचं भागतं, आणि बॅटलग्राउंड्सला तर संग्रह लागतच नाही. दुकानात पॅकचे मोठे गठ्ठे आकर्षक दिसतात, पण खेळून कमावलेल्या सोन्यावरही (हे बॅटलग्राउंड्समधल्या सोन्याहून वेगळं) १०० ला पाच पत्त्यांचं एक पॅक मिळतं आणि रोजच्या कामगिऱ्या करत राहिलं की सोनं साठत जातं. दोन महिन्यांनंतरही टोळी दर शनिवारी जमत असेल, तरच खिशात हात घालावा, आणि तोही ज्याचे डेक सगळे उसने घेतात त्यानेच.