सिव्ह ६ रिव्ह्यू (गॅदरिंग स्टॉर्म धरून): आधी सेटलर की आधी लोखंड?

सिव्हिलायझेशन ६ (टर्नटर्नने, म्हणजे पाळीपाळीने, साम्राज्य उभं करायचा कॉम्प्युटर गेम) आला २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, मग २०१८ ला राइज अँड फॉल, २०१९ ला गॅदरिंग स्टॉर्म ही एक्स्पान्शन, म्हणजे गेमच्या पुरवण्या, आणि २०२५ मध्ये तर सातवा भागही येऊन गेला, मग आता सहाव्यावर काय लिहायचं असं वाटेल. पण नवीन लोक अजूनही याच गेमपासून सुरुवात करतात आणि त्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं, की सुरुवातीला सेटलर (नवीन शहर वसवणारं युनिट) काढून धडाधड शहरं टाकायची का आधी फौजेला लागणारं घोडे-लोखंड ताब्यात घ्यायचं. मला विचाराल तर गेम घ्यावा की नाही याचं उत्तरही तिथेच आहे. पहिल्या शंभरेक टर्नमध्ये ही जी ओढाताण चालते ना, तीच या गेमची खरी मजा, पुढचं बरंचसं हिशेबनिसाचं काम आहे.

आधी हिशेब बघा. स्टँडर्ड स्पीडला पहिला सेटलर ८० प्रॉडक्शनचा (प्रॉडक्शन म्हणजे शहराची बांधायची ताकद), मग प्रत्येक पुढचा ३० ने महाग, ११०, १४० असं चढत जातं. वर शहराची लोकसंख्या निदान २ लागते आणि सेटलर बाहेर पडला की त्यातला १ कमी. सुरुवातीला राजधानी टर्नला जेमतेम पाच-सात प्रॉडक्शन काढत असते, म्हणजे एका सेटलरपायी डझनभर टर्न सहज जातात, आणि त्याच ८० मध्ये दोन वॉरियर उभे राहिले असते. बार्बेरियन (कुठल्याच देशाच्या नसलेल्या रानटी टोळ्या) जवळ असतील तर ते दोन वॉरियर नसणं फार महागात पडतं, कारण एकटा फिरणारा सेटलर ते मारत नाहीत, सरळ उचलून आपल्या कॅम्पवर नेतात आणि आपण बघत बसतो.

तरीही शहरं टाकायचीच. पाचव्या भागातून आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो कारण तिथे हॅपिनेस सगळ्या साम्राज्याचा एकत्र असायचा, शेवटच्या एक्स्पान्शननंतर तर प्रत्येक नव्या शहरामागे सायन्सचा खर्चही वाढायचा, त्यामुळे चार शहरं करून गप्प बसणं हाच शहाणपणा होता. इथे अमेनिटी (लोकांच्या सुखसोयी) शहरागणिक मोजतात आणि नवीन शहर टाकल्याची तशी शिक्षा नाही. प्रत्येक शहराबरोबर नवीन डिस्ट्रिक्टची (शहराच्या खास विभागाची) जागा मिळते, त्यामुळे रुंद पसरणारा जवळपास नेहमीच पुढे.

मग अडचण कुठे? तर पसरायचं कुठल्या दिशेला, इथे. आणि इथे गेमने जे केलंय ते मला फार आवडतं. घोडे दिसतात अ‍ॅनिमल हजबंड्री ही टेक (संशोधन) झाल्यावर, लोखंड दिसतं ब्राँझ वर्किंग झाल्यावर, तोपर्यंत तुमच्या पायाखाली लोखंड असलं तरी तुम्हाला पत्ता नसतो. म्हणजे पहिले दोन सेटलर तुम्ही आंधळेपणाने टाकणार आणि तिसरा-चौथा कुठे जाणार ते ठरवायला आधी टेक हवी. ब्राँझ वर्किंगचा युरेका (संशोधनाला मिळणारा झटपट हातभार) तीन बार्बेरियन मारल्यावर मिळतो, म्हणजे सुरुवातीला जे दोन वॉरियर फालतू खर्च वाटत होते तेच तुम्हाला लोखंड लवकर दाखवतात. पसरणं आणि रिसोर्स पकडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेतच कुठे, चार ठिकाणी शहरं असली की उद्या नकाशावर जे उगवेल ते कुणाच्या तरी हद्दीत पडायची शक्यता वाढते. शहर टाकलं आणि नंतर कळलं की खालीच लोखंड होतं, तर टेक आल्यावर ते आपोआप तुमचं, बिल्डर (शेतं-खाणी बांधणारं युनिट) लागत नाही, खाण खणायची नाही, शत्रूला लुटताही येत नाही. डिस्ट्रिक्टखाली निघालं तरी ते तुमचंच. आणि आधीच दिसत असेल तर डिस्ट्रिक्ट तिथे बांधूच देत नाही, म्हणजे कधीकधी अज्ञानात सुख.

आता तक्रार. सेटलर निवडला की नकाशावर जे रंग येतात ते बघून नवीन माणूस हमखास फसतो. गडद हिरवं म्हणजे गोडं पाणी, फिकं हिरवं म्हणजे समुद्रकिनारा, राखाडी म्हणजे पाणी नाही, लाल म्हणजे बसताच येणार नाही. बस. हे रंग फक्त पाण्याचं आणि त्यावरून हाउसिंगचं (शहरात किती लोक मावतील त्याचं) सांगतात, गोड्या पाण्याला ५, किनाऱ्याला ३, कोरड्याला २. लोखंड, घोडे, शेजारी यांचा त्या रंगाशी काही संबंध नाही, पण हिरवं म्हणजे चांगलं असं डोक्यात बसतं आणि माणूस नदीकाठी जाऊन बसतो. मग लोखंड चार हेक्सवर (नकाशाच्या षट्कोनी घरांवर, म्हणजे टाइलवर) राहतं. शहर फक्त तीन हेक्सपर्यंतच्याच टाइल वापरू शकतं आणि टाइल विकतही तेवढ्याच घेता येतात, त्याच्या पलीकडे हद्द सरकायची तर कल्चरची वाट बघा. तेवढ्यात शेजारी तिथे शहर टाकून मोकळा. दोन शहरांच्या मध्ये तीन हेक्स सोडावे लागतात, म्हणजे त्याने एकदा जागा पकडली की तुमचा सेटलर तिथे घुसवायलाही जागा राहत नाही. माझं मत विचाराल तर पहिलं लोखंड राखाडी टाइलवर असलं तरी तिथेच बसा, हाउसिंगची अडचण ग्रॅनरी नाहीतर अ‍ॅक्विडक्ट पुढे कधीतरी सोडवेल, लोखंड कोण आणून देणार.

गॅदरिंग स्टॉर्मशिवाय घेऊ का, तर या एका कारणासाठी नको. मूळ गेममध्ये लोखंडाचे दोन साठे हवेत, किंवा एक साठा आणि एनकॅम्पमेंट (लष्करी डिस्ट्रिक्ट), की झालं, मग हवे तेवढे स्वोर्ड्समन (तलवारवाले) काढा. गॅदरिंग स्टॉर्ममध्ये खाण टर्नला २ लोखंड देते, ते साठत जातं, आणि एका स्वोर्ड्समनला २० लागतात. करा हिशेब, एका खाणीवर दहा टर्नला एक स्वोर्ड्समन. साठ्याला ५० ची मर्यादा आहे (एनकॅम्पमेंटमधल्या इमारतींनी ती वाढते), त्यामुळे वर्षानुवर्षं साठवून एकदम मोठी फौज काढू म्हणाल तर ते नाही, दोन निघतील आणि १० उरतील. आता दुसरी खाण म्हणजे खरंच दुप्पट वेग. दुसऱ्या लोखंडासाठी अजून एक सेटलर काढायचा का, हा प्रश्न मूळ गेममध्ये इतका धारदार नव्हताच. आणि लढायचं नसेल तर तेच लोखंड एआयला (कॉम्प्युटर खेळवतो त्या प्रतिस्पर्ध्याला) सोन्याच्या बदल्यात विकता येतं, त्या सोन्यातून बिल्डर नाहीतर टाइल, म्हणजे शांत खेळणाऱ्यालाही लोखंड वाया नाही.

राइज अँड फॉलची लॉयल्टी (शहराची मालकाशी निष्ठा) ही याच प्रश्नाची दुसरी बाजू. नऊ हेक्सच्या आतली लोकसंख्या एकमेकांवर दाब टाकते, त्यामुळे शेजाऱ्याच्या छाताडावर जाऊन एकच शहर टाकलं आणि मागे आपली वस्ती नसेल तर ते शहर थोड्या टर्नमध्ये बंड करून मोकळं होतं. लांबचं लोखंड पकडायचं असेल तर एकटा सेटलर पाठवून भागत नाही, मधे एक शहर टाकत जावं लागतं, नाहीतर गव्हर्नर बसवावा लागतो. काही लोकांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं गेम हात बांधतो. मला ते बरोबर वाटतं, नाहीतर सगळे नकाशाभर ठिपके टाकत सुटतील.

सेटलर स्वस्तात काढायच्या बऱ्याच वाटा आहेत आणि त्या शोधण्यात मजा येते. अर्ली एम्पायर ही सिव्हिक (टेकसारखीच, पण कल्चरवर मिळणारी पायरी) झाली की कॉलोनायझेशन हे धोरणाचं कार्ड, सेटलरला ५०% जादा प्रॉडक्शन. मॅग्नस या गव्हर्नरला प्रोव्हिजन प्रमोशन दिलं की त्याच्या शहरातून सेटलर गेला तरी लोकसंख्या घटत नाही. गोल्डन एजमध्ये (सुवर्णयुगात) मॉन्युमेंटॅलिटी हा पर्याय घेतला तर चक्क फेथ (धर्मातून साठणारे गुण) देऊन सेटलर विकत. ही शेवटची तर जवळपास बेइमानी आहे.

खरं घोडं पेंड खातं ते एआयपाशी. डीटी या सगळ्यात अवघड पातळीवर एआयला सुरुवातीलाच तुमच्या एका सेटलरऐवजी तीन मिळतात, तेव्हा पहिले पन्नास टर्न तुमच्या तोंडचं पाणी पळतं, पण डोकं वाढलेलं नाही, सामान वाढलंय. लोखंड शेजारी पडलेलं असतं आणि हा बर्फात शहर टाकतो. तो तुमची कोंडी करतोय असं वाटतं तेव्हाही ती बहुतेक योगायोगाने झालेली असते. पहिली लाट अंगावर घेऊन टिकलात तर मधला काळ ढिला पडतो, युनिट हलवा, नेक्स्ट टर्न दाबा, युनिट हलवा. मग कोळसा आणि तेल उगवतं तेव्हा पुन्हा जान येते, कारण इन्फंट्री आणि टँक दर टर्नला तेल पितात, आणि तेव्हा लक्षात येतं की तेल नेमकं त्या वाळवंटात आणि टुंड्रात आहे जिथे सुरुवातीला कुणी फिरकलं नव्हतं. शिवाय कोळसा-तेल जाळत राहिलात तर समुद्र चढतो आणि किनाऱ्यावरच्या तुमच्याच टाइल बुडतात, हे मस्त जमवलंय.

काही सिव्ह (खेळायला निवडायच्या संस्कृती) या सगळ्याला वळसा घालतात. सुमेरियाचा वॉर-कार्ट (युद्धरथ) पहिल्या टर्नपासून मिळतो आणि त्याला घोडे लागत नाहीत, भारताच्या वरूलाही (हत्तीवरचं युनिट) रिसोर्स नको, फक्त हॉर्सबॅक रायडिंग. शिकायला या दोन घेऊ नका असं मी म्हणेन, लोखंडाची चिंता काय असते तेच कळणार नाही.

एकट्याने खेळणार असाल तर दोन्ही एक्स्पान्शनसकट डोळे झाकून घ्या, मित्रांबरोबर खेळणार असाल तर त्याहून बरं, कारण माणूस तुमचं लोखंड मुद्दाम अडवतो. ज्यांना शेवटपर्यंत चुरस हवी त्यांनी जरा विचार करून घ्या. आणि सुरू करताना अ‍ॅडव्हान्स सेटअपमध्ये जाऊन रिसोर्सेस ‘स्पार्स’ (विरळ) करून बघा, डिफॉल्टवर लोखंड कुठे ना कुठे मिळूनच जातं, स्पार्सवर मात्र एका टेकडीसाठी चौथा सेटलर काढायचा का यावर चहा गार होईपर्यंत विचार करावा लागतो.